ऑल-ऑप्टिकल प्रक्रिया: वेगासाठी नको, रुंदीसाठी हवी

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. फायबरमधून डेटा प्रकाशानेच धावतो, तर त्याची वीज करून, चिपमध्ये हिशेब करून पुन्हा प्रकाश करण्याचा खटाटोप कशासाठी, हा पहिला. आणि या विषयावर पदव्युत्तर प्रकल्प करायचा तर सेमीकंडक्टर ऑप्टिकल अॅम्प्लिफायरवर (प्रकाश वाढवणारी चिप) लॉजिक गेट (शून्य-एकवर निर्णय घेणारा घटक) बांधावं की हायली नॉनलिनिअर फायबरमध्ये (ज्यात तीव्र प्रकाशाचे परिणाम मुद्दाम वाढवलेले असतात) तरंगलांबी बदलून दाखवावी, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: गेट सोडा, तरंगलांबी-रूपांतर घ्या. असं का, ते पहिल्या भागात दडलेलं आहे, म्हणून तो जरा सविस्तर घेतो.

ऑल-ऑप्टिकलच्या, म्हणजे वीज न करता प्रकाशावरच प्रक्रिया करण्याच्या, बाजूने सगळ्यात आधी वेगाचा मुद्दा मांडला जातो. तो खोटा नाही. काचेतला केर परिणाम, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार अपवर्तनांक बदलणं, काही फेम्टोसेकंदांत घडतो. कुठलाही ट्रान्झिस्टर त्याच्या जवळपास फिरकत नाही. या बळावर २००० साली नाकाझावा यांच्या गटाने जपानमध्ये एकाच तरंगलांबीवर, दोन ध्रुवणं (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशा) मिळून, सेकंदाला १.२८ टेराबिट ७० किलोमीटर पाठवून दाखवले. एकेका ध्रुवणावर ६४० गिगाबिट, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम दीड पिकोसेकंद. एवढ्या दाट रांगेतून हवा तो बिट उचलायला इलेक्ट्रॉनिक्स उपयोगाचं नव्हतं, तिथे प्रकाशानेच चालणारा स्विच लागला. प्रयोग म्हणून ते काम अप्रतिम होतं, आजही वाचताना मी थक्क होतो.

तरीही ही वाट पुढे व्यवहारात आली नाही. पिकोसेकंदाहून लहान पल्स म्हणजे कित्येक नॅनोमीटर पसरलेला स्पेक्ट्रम. तेवढ्याच स्पेक्ट्रममध्ये संथ लेझरांचे अनेक चॅनेल शेजारी शेजारी बसवले तर तितकाच डेटा जातो, आणि प्रत्येक चॅनेल साध्या इलेक्ट्रॉनिक्सला झेपतो. एकच रांग प्रचंड वेगाने धावली म्हणून फायबरची क्षमता वाढत नाही. शिवाय एक ऑप्टिकल स्विच त्या रांगेतला एकच उपचॅनेल (रांगेत गुंफलेला एक संथ प्रवाह) बाहेर काढतो. ६४ उपचॅनेल असतील तर ६४ स्विच, प्रत्येकाला घड्याळाशी जुळवलेल्या पल्स, आणि सगळं पिकोसेकंदाच्या अंशापर्यंत स्थिर राहायला हवं.

मग २००८ च्या सुमारास कोहेरंट रिसीव्हर (तीव्रतेसोबत प्रकाशलहरीची फेजही मोजणारे) आणि डीएसपी (सिग्नलवर आकडेमोड करणारी चिप) बाजारात आले, आणि पारडं पुरतं फिरलं. आधी ४० गिगाबिट, लगोलग १०० गिगाबिट. डीएसपी काय करतो ते आकड्यांत बघा. साध्या सिंगल-मोड फायबरचं डिस्पर्शन, म्हणजे निरनिराळ्या तरंगलांब्या निरनिराळ्या वेगाने जाऊन पल्स पसरणं, १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे, नॅनोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंद. हजार किलोमीटरला १७,००० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. ३२ गिगाबॉडचा (सेकंदाला ३२ अब्ज सिम्बॉल, म्हणजे डेटाचे ठोके) सिग्नल साधारण पाव नॅनोमीटर जागा घेतो, म्हणजे एकेक सिम्बॉल चार नॅनोसेकंदांहून जास्त पसरतो आणि आजूबाजूच्या सुमारे १४० सिम्बॉलांवर सांडतो. पूर्वी हे निस्तरायला दर टप्प्यावर डिस्पर्शन-भरपाईच्या फायबरची रिळं ठेवायचे. आता रिसीव्हरमधली चिप हे आकडेमोडीने उलगडते, ध्रुवण वेगळी करते, लेझरच्या फेजचा थरथराट काढते, वर त्रुटीदुरुस्तीही करते. चिपचं घड्याळ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतं. एकाच वेळी शेकडो गणितं समांतर चालतात, म्हणून ते पुरतं.

लॉजिक गेटचं दुखणं आणखी खोल आहे. ऑप्टिक्सचे संशोधक डेव्हिड मिलर यांनी २०१० मध्ये ऑप्टिकल ट्रान्झिस्टरने कुठल्या कसोट्या पार केल्या पाहिजेत हे स्वच्छ मांडलं: एका गेटचा आउटपुट पुढच्या गेटला थेट चालला पाहिजे, एकाने किमान दोघांना चालवता आलं पाहिजे, शून्य आणि एकच्या पातळ्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा ठाकठीक झाल्या पाहिजेत, आउटपुटकडून आलेलं परावर्तन इनपुट समजलं जाता कामा नये, उपकरण एका अचूक बिंदूवर तोलून धरावं लागता कामा नये, आणि वाटेतल्या लॉसमुळे शून्य-एकचा अर्थ बदलता कामा नये. सेमीकंडक्टर अॅम्प्लिफायरवरचे बहुतेक गेट पहिल्या दोन-तीन अटींतच अडखळतात. आउटपुट दुसऱ्याच तरंगलांबीवर निघतो, त्यात उत्सर्जनाचा नॉइज मिसळतो, आणि कॅरिअर (चिपमधले विद्युतभार) भरून यायला शंभर पिकोसेकंदांच्या घरात वेळ लागतो. आय डायग्राम (एकावर एक रचलेल्या बिटांचं चित्र) काढलात तर हे लगेच दिसेल: लांबलचक शून्यांनंतर आलेला पहिला ‘एक’ उंच उडतो, त्यामागून येणारे ‘एक’ बुटके निघतात, आणि वरची रेघ जाड होते. बिटांचा क्रम बदलला की गेटचं वागणं बदलतं. प्रकल्पाचा सारा वेळ हा पॅटर्न-परिणाम लपवण्यात जातो.

आणि स्मृती? फायबरमध्ये प्रकाश एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. १५०० बाइटचं एक पॅकेट १०० गिगाबिटवर १२० नॅनोसेकंद लांब असतं, म्हणजे ते धरून ठेवायला २४ मीटर फायबर. ते पॅकेट नेमकं १२० नॅनोसेकंदांनी बाहेर येणार, आधी नाही, नंतर नाही. राउटरला लागते हवी तेव्हा उघडता येणारी रांग, तीही हजारो पॅकेटांची. प्रकाशाला थांबवून ठेवायची अशी सोय आजही नाही.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की ऑप्टिकल प्रक्रियेला ‘किती वेगवान’ हे विचारूच नये. ‘एकाच वेळी किती रुंद’ हे विचारावं. जिथे प्रत्येक बिटाचा निर्णय घ्यायचा आहे, काही लक्षात ठेवायचं आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक्स जिंकतं. जिथे एकच क्रिया सगळ्या चॅनेलांवर, आत काय मॉड्युलेशन (डेटा प्रकाशावर चढवण्याची पद्धत) आहे हे न बघता करायची आहे, तिथे प्रकाशाला तोड नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा अर्बियम अॅम्प्लिफायर, म्हणजे अर्बियम मिसळलेल्या फायबरमध्ये प्रकाश थेट वाढवणारं उपकरण. १९८८ च्या टीएटी-८ या अटलांटिकपार केबलमध्ये पाण्याखाली इलेक्ट्रॉनिक रीजनरेटर (सिग्नलची वीज करून तो नव्याने पाठवणारे) होते, आणि केबल टाकली त्या दिवशी ठरलेला बिटरेट कायमचा ठरला. अर्बियम अॅम्प्लिफायर १९८७ मध्ये साउथॅम्प्टन आणि बेल लॅब्जमध्ये साकारला आणि दहा वर्षांच्या आत समुद्राखाली गेला. तो १५३० ते १५६५ नॅनोमीटरचा अख्खा सी-बँड, म्हणजे चार टेराहर्ट्झहून अधिक, एका झटक्यात वाढवतो. किनाऱ्यावरची उपकरणं बदलून बिटरेट वाढवला तरी पाण्याखालचा अॅम्प्लिफायर तोच चालतो. लिक्विड क्रिस्टलवरचे तरंगलांबी-स्विच आणि डेटा सेंटरमधले सूक्ष्म आरशांचे सर्किट स्विच याच कुळातले. आरशाला बिटरेट कळतच नाही, म्हणून तो पुढच्या पिढीच्या ट्रान्सिव्हरलाही चालतो.

आता तुमच्या तरंगलांबी-रूपांतराकडे. फोर-वेव्ह मिक्सिंगमध्ये, म्हणजे प्रकाशलहरी मिसळून नवी तरंगलांबी तयार होते त्या परिणामात, पंप (जोरदार मदतनीस लेझर) १९३.१ टेराहर्ट्झवर आणि सिग्नल १९३.४ वर असेल, तर दोन पंप-फोटॉन खर्ची पडून एक सिग्नलला मिळतो आणि एक १९२.८ वर नवा आयडलर तयार करतो. पंपाच्या एका बाजूला २० चॅनेल असतील तर दुसऱ्या बाजूला त्या वीसही चॅनेलांची नक्कल उभी राहते, आरशात दिसावी तशी उलटी. मॉड्युलेशन साधं क्यूपीएसके असो वा दाट ६४-क्वाम, फायबरला फरक पडत नाही. रुंदी म्हणतो ती ही.

कार्यक्षमतेचा अंदाज असा काढा: फेज जुळलेली असेल तर ती साधारण गॅमा (फायबरच्या नॉनलिनिअरिटीचं माप), पंपाची पॉवर आणि लांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गाइतकी. हायली नॉनलिनिअर फायबरचा गॅमा ११ प्रति वॅट-किलोमीटर, लांबी ५०० मीटर, पंप २०० मिलीवॅट धरा. गुणाकार १.१, वर्ग १.२, म्हणजे लॉस सोडले तर आयडलर सिग्नलच्या बरोबरीने निघतो. हेच साध्या फायबरमध्ये, १.३ गॅमा घेऊन, केलंत तर सुमारे १८ डेसिबल खाली, आणि तिथल्या डिस्पर्शनमुळे फेज जुळत नाही ते वेगळंच.

कागदावर इतकं सोपं. टेबलावर पहिला अडथळा ब्रिल्युअन स्कॅटरिंगचा, म्हणजे काचेतल्या ध्वनिलहरींवरून प्रकाश मागे उलटण्याचा. अशा ५०० मीटर फायबरला अरुंद रेषेचा लेझर जोडून पॉवर वाढवत जा. काही दहा मिलीवॅटांपर्यंत पुढची पॉवर सरळ चढेल, मग एकाएकी सपाट होईल, आणि सर्क्युलेटरच्या (परतणारा प्रकाश वेगळा काढणाऱ्या घटकाच्या) तिसऱ्या पोर्टवरचा मीटर भराभर वर जाऊ लागेल. तुमचा २०० मिलीवॅटचा पंप उलटा परत येतोय. नेहमीचा उपाय म्हणजे पंपाच्या फेजला काही रेडिओ फ्रिक्वेन्सींनी हलवणं, म्हणजे त्याची रेषा रुंद होते आणि उंबरठा वर सरकतो. पण एका पंपाच्या योजनेत दोन पंप-फोटॉन वापरले जातात, तेव्हा ती हालचाल दुपटीने आयडलरच्या फेजवर उमटते. ऑन-ऑफ कीइंगच्या (प्रकाश चालू-बंद करून बिट पाठवण्याच्या) काळात याची कुणाला फिकीर नव्हती. कोहेरंट रिसीव्हरसमोर मात्र नक्षत्राचे (सिम्बॉलांच्या फेज-तीव्रतेच्या आलेखाचे) ठिपके कमानीसारखे पसरतात, आणि क्वाम जितका दाट तितका त्रास जास्त. यातून सुटका दोन पंपांनी होते: फेज-कॉन्जुगेट (फेज उलटलेला) आयडलर हवा असेल तर दोघांना एकमेकांच्या उलट हलवा, फेज न उलटता फक्त सरकवायचं असेल, म्हणजे ब्रॅग स्कॅटरिंग, तर दोघांना एकसारखं हलवा. दोन्ही बाबतीत हालचाल आपसात कटते. उलट-सुलट जुळवणी चुकली तर ती दुप्पट होते, तेव्हा केबलींची लांबी आणि आरएफ फेज आधी तपासा.

दुसरा अडथळा ध्रुवणाचा. पंप आणि सिग्नल समांतर असतील तर मिक्सिंग जोरात, काटकोनात असतील तर जवळपास नाहीच. दोन ध्रुवणांचा सिग्नल घेणार असाल तर ध्रुवण-विभाजकाचा लूप किंवा काटकोनातले दोन पंप लागतील.

आयडलर फेज-कॉन्जुगेट असतो ही मात्र नुसती अडचण नव्हे, मोठी संधी आहे. १९७९ मध्येच यारिव, फेकेटे आणि पेपर यांनी सुचवलं होतं की फायबरच्या मधोमध सिग्नलचं कॉन्जुगेशन केलं तर पहिल्या अर्ध्यातलं डिस्पर्शन दुसऱ्या अर्ध्यात आपोआप उलगडतं. डिस्पर्शनसाठी आज याची गरज नाही, ते डीएसपी करतो. खरं आकर्षण नॉनलिनिअर विकृती पुसण्याचं आहे, कारण चॅनेलांनी एकमेकांवर केलेली ढवळाढवळ एका चॅनेलच्या डीएसपीला दिसतच नाही, आणि कॉन्जुगेटर सगळे चॅनेल एकत्र हाताळतो. पण त्यासाठी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना पॉवरचा आलेख सममित लागतो. साध्या अॅम्प्लिफायर-साखळीत पॉवर दर टप्प्यात घसरत जाते, त्यामुळे सममिती साधत नाही. रामन अॅम्प्लिफिकेशनने (पंप देऊन खुद्द फायबरमध्येच प्रकाश वाढवण्याने) ती बरीच सुधारते. मार्ग बदलणाऱ्या नेटवर्कमध्ये ‘मधोमध’ म्हणजे नेमकं कुठे, हाही प्रश्न राहतोच.

फेज-सेन्सिटिव्ह, म्हणजे सिग्नलच्या फेजनुसार गेन देणाऱ्या, अॅम्प्लिफायरबद्दलही वाचा. साध्या अॅम्प्लिफायरला भरपूर गेनवर किमान ३ डेसिबल नॉइज फिगर (अॅम्प्लिफायरने भर घातलेल्या नॉइजचं माप) सोसावीच लागते, हा क्वांटम नियम आहे. फेज-सेन्सिटिव्ह प्रकारात ती तत्त्वतः शून्यापर्यंत जाते. स्वीडनमधल्या चाल्मर्सच्या गटाने यावर पायाभूत काम केलं आहे. किंमत अशी की सिग्नलसोबत त्याचा आयडलरही पाठवावा लागतो, म्हणजे अर्धा स्पेक्ट्रम त्यातच जातो.

चिपवर करायचा मोह झाला तर पदार्थ जपून निवडा. सिलिकॉनची नॉनलिनिअरिटी काचेच्या शंभरपट आणि वर, पण १५५० नॅनोमीटरला दोन फोटॉन मिळून बँडगॅप ओलांडतात, मोकळे कॅरिअर तयार होतात आणि पंपच गिळतात. सिलिकॉन नायट्राइडमध्ये ती पीडा नाही, मात्र नॉनलिनिअरिटी बरीच कमी. पीरिऑडिकली पोल्ड लिथियम नायोबेटचं (ठरावीक अंतराने ध्रुवता उलटवलेल्या स्फटिकाचं) वेव्हगाइड मिळत असेल तर मी तेच घेईन: लांबी काही सेंटिमीटर, त्यामुळे ब्रिल्युअनचा जाच नाही, पंपाला हलवावं लागत नाही, आयडलरची फेज स्वच्छ राहते. सी-बँडचा अख्खा पट्टा शेजारच्या बँडमध्ये सरकवण्याच्या प्रयोगांत ते आघाडीवर आहे ते यामुळेच.

तुमच्याकडे फायबरच असेल तर तेही उत्तम. फक्त निकाल ‘रूपांतर झालं’ एवढ्यावर थांबवू नका. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर आयडलर दिसणं ही सुरुवात आहे. मागे परतणारी पॉवर पंपाच्या पॉवरसमोर मांडा, आयडलरचा ओएसएनआर (सिग्नल आणि ऑप्टिकल नॉइज यांचं गुणोत्तर) मोजा, आणि मग तोच बिट एरर रेट गाठायला रूपांतरानंतर किती जास्त ओएसएनआर लागतो ही पेनल्टी डेसिबलमध्ये द्या. चॅनेल एकावरून चार, चारावरून आठ करत गेल्यावर ती पेनल्टी किती वाढते हा आलेख तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा भाग ठरेल. तो वर चढायला लागला की आधी चॅनेलांची आपसातली मिक्सिंग तपासा: प्रत्येक चॅनेलची पॉवर २ डेसिबलने उतरवून बघा. पेनल्टी घटली तर दोष क्रॉसटॉकचा, वाढली तर नॉइजचा.