आपला पोळा उशिरा का?

प्रिय सई,

तुझा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला, म्हणून लिहितो. नागपूरच्या तुझ्या मैत्रिणीकडे पोळा श्रावणातल्या अमावास्येलाच झाला, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला तिच्या धाकट्या भावाने लाकडी बैलही मिरवला. मग आपल्या गावाला गणपती गेल्यावर जाग येते का, असं तू विचारलंस!

तसं नाही गं. विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणात, सातारा-कोल्हापूरकडे बेंदूर आषाढात, आणि आपल्यासारख्या खेड-मावळ-मुळशीकडच्या बऱ्याच गावांत भादवी पोळा, म्हणजे भाद्रपदाच्या अमावास्येला. आजोबा सांगायचे, खरिपाची कोळपणी उरकलेली, रब्बीची पेरणी तोंडावर. बैलाला उसंत मिळते ती एवढीच. त्याच दिवशी सर्वपित्री, त्यामुळे आजीला एकीकडे पितरांचं पान आणि दुसरीकडे बैलांचा नैवेद्य. तिच्या मधेमधे करू नकोस.

मिरवणूक काय, सगळेच बघतात. तू आदल्या संध्याकाळीच शेजारच्या काकांच्या गोठ्यात जा. तेव्हा खांदेमळणी असते. जू बसून बसून बैलाच्या खांद्यावरचे केस गेलेले असतात, कातडं निबर झालेलं असतं. तिथे गरम पाण्याने शेकतात, मग हळद आणि तूप चोळतात. बैल आधी अंग चोरतो, मग हळूहळू मान सोडतो. काकांना विचारून तूही हात लावून बघ. विदर्भात या वेळी बैलाला म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ खरं की नाही, मैत्रिणीला विचार. आपल्याकडच्या डीजेपेक्षा मला हे आमंत्रण कितीतरी आवडतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग नि बेगड, पाठीवर झूल, नवी वेसण, आणि वाजतगाजत वेशीतून मारुतीला. मग पुरणपोळी. त्या दिवशी औताला जुंपायचं नाव नाही.

आता नांगरट ट्रॅक्टरनेच होते. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ते मातीची जोडी पुजतात, कुणी ट्रॅक्टरलाच हार घालतो. धिप्पाड खिल्लार दिसले तर ते बहुधा शर्यतीचे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली, २०२३ मध्ये कायदाही उचलून धरला; तेव्हापासून त्यांचे भाव विचारायची सोय नाही. तापट असतात, लांबूनच बघ.

काकांच्या जोडीची नावं काय आहेत तेवढं कळव. माझी पैज सर्जा-राजावर.

तुझा बाबा,
मस्कत