पहिल्या चार पानांवरची रेघ

‘ताई, आठ महिने खपून चौदा पानांची कथा लिहिली. विश्वासाने मैत्रिणीला वाचायला दिली. तिने पहिल्या चार पानांवर पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, “इथे कंटाळा आला. आजीचा राग दाखव.” तीन आठवडे मी तिचा फोन घेतलेला नाही. लिहिणंच सोडून देऊ का? पहिलं पान सोबत पाठवतेय. – दुखावलेली’

दुखावलेल्या मैत्रिणी,

राग येणारच. मलाही येतो, अजूनही. पण तिने चौदाही पानं वाचली. ‘छान आहे गं’ म्हणून कागद परत करणं तिला कितीतरी सोपं होतं.

तिच्या शेऱ्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कंटाळा आला’ यावर वाद घालता येत नाही; आला म्हणजे आला. ‘राग दाखव’ हा मात्र तिने सुचवलेला उपाय, तो चुकूही शकतो. कुठे दुखतंय ते रोग्याने सांगावं, औषध त्याला विचारू नये. इंग्रजी कवी टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकवितेचा (१९२२) जवळजवळ अर्धा मजकूर त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंडने काटला होता. एलियटने बरंच ऐकलं, सगळं नाही. पुढे कविता त्यालाच अर्पण केली.

तुमचं पान मी मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच वाक्याला दम लागला: ‘आजी अतिशय दुःखी मनाने, दाटून आलेले अश्रू लपवत, जणू आभाळच कोसळलं आहे अशा अवस्थेत दारात उभी होती आणि काही केल्या आत येत नव्हती.’ यात मला दिसतं ते फक्त दार. बाकीचं तुम्ही सांगताय. आता हे वाचा: ‘आजी दारात उभी होती. आत आली नाही.’ मी एकही नवी गोष्ट घातलेली नाही, गर्दी तेवढी हटवली. मैत्रिणीला हवा होता तो रागही बहुधा यातच आहे.

कथा पंधरा दिवस नजरेआड ठेवा. मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा. काटलेलं फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. परत आणता येतं म्हटलं की काटताना हात थरथरत नाही. (माझी ती फाइल मूळ लेखांपेक्षा जाडजूड आहे. त्यातलं परत आणलेलं आठवत नाही.)

सोडून देण्याचं म्हणाल, तर आठ महिने चिकटून बसणारं माणूस एका रेघेने सोडत नसतं.

आणि तिचा फोन घ्या. पाचव्या पानावर रेघ का थांबली, तेवढं विचारा.