एलईडी चष्मा: सर्किटच्या आधी वारंवारता ठरवा

तुम्ही अमळनेरहून विचारले आहे की आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), दोन लाल एलईडी आणि वेल्डिंगचा गॉगल घेऊन १८ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १८ वेळा लुकलुकणारा चष्मा बनवला तर अभ्यासातली एकाग्रता वाढेल का, आणि तो वसतिगृहातल्या मित्रांनाही वापरायला देता येईल का. सर्किट सोपे आहे, ते पुढे सांगतो. पण १८ हा आकडा आधी खोडा.

लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या लयीला मेंदू साथ देतो, यात शंका नाही. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३४ मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ एड्रियन व मॅथ्यूज यांनी दाखवले की अशा प्रकाशासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागातल्या लहरी प्रकाशाच्याच गतीने उमटू लागतात. परंतु हा प्रतिसाद मुख्यतः दृष्टिकेंद्राचा, म्हणजे मेंदूच्या पाहण्याच्या भागाचा असतो. जागेपणी, सावध असताना १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा लहरी दिसतात, म्हणून बाहेरून १८ हर्ट्झचा प्रकाश दिला की मन एकाग्र होईल, हे अनुमान असे चष्मे विकणाऱ्यांना सोयीचे असले तरी त्याला भक्कम आधार नाही. १० हर्ट्झच्या आसपास डोळे मिटून बसल्यास रंग आणि भौमितिक नक्षी दिसते, पुष्कळांना शांत वाटते. चष्म्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

१८ नको म्हणतो त्याचे कारण वेगळे आहे. प्रकाशामुळे फिट येण्याचा धोका १५ ते २५ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतो. अपस्माराच्या (मिरगीच्या) रुग्णांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के लोकच प्रकाशसंवेदी असतात, म्हणजे त्यांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येऊ शकते, हे खरे. पण ही प्रवृत्ती बहुधा किशोरवयात उघड होते आणि पहिली फिट येईपर्यंत अनेकांना तिचा पत्ताही नसतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉन या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सुमारे १२ हर्ट्झने आलटून पालटून चमकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा १० हर्ट्झही पूर्ण निर्धोक नाही. डोळे मिटल्यानेही संरक्षण मिळत नाही, उलट पापणीतून पसरलेला प्रकाश सगळे दृष्टिक्षेत्र व्यापतो. त्यात लाल रंग पापणीतून सर्वांत सहज आत जातो, आणि फिटसाठी तोच अधिक चेतवणारा आहे. म्हणून तेज कमीत कमी ठेवावे.

आता जोडणी. प्रत्येक लाल एलईडीला स्वतंत्र ३३० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) लावा आणि पुरवठा ४ चार्जेबल एए सेलचा, म्हणजे ४.८ व्होल्टचा घ्या. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, त्यामुळे प्रवाह ८ ते ९ मिलिअँपिअर राहतो आणि बोर्डच्या पिनवर ताण येत नाही. चेहऱ्याला लागणारी वस्तू मोबाइलच्या स्वस्त चार्जरवर चालवू नये. एलईडी दुधी आवरणाचे घ्यावेत; पारदर्शक मिळाले तर पॉलिश पेपरने घासून घ्यावेत. गॉगलची काळी काच काढून तिथे जाड पुठ्ठा बसवा, पण त्यावर एलईडी ग्लू गनने चिकटवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, आणि बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या चष्म्याचा तो गोंद मऊ पडतो. दोन भागांचा इपॉक्सी वापरावा.

प्रोग्रॅममध्ये १० हर्ट्झची गती घ्या आणि उघडमीट निम्मी-निम्मी, म्हणजे ५० मिलिसेकंद चालू आणि ५० बंद, अशी ठेवा. चालू काळ कमी केला की त्याच प्रकाशात २० हर्ट्झचा अंश शिरतो, म्हणजे टाळलेला पट्टा मागच्या दाराने परत येतो. त्याहून चांगले म्हणजे ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर पीडब्ल्यूएमने (वेगाने चालू-बंद करून तेज कमीजास्त करण्याच्या पद्धतीने) प्रकाश हळू चढवावा आणि हळू उतरवावा. नॅनोऐवजी आर्डुइनोचाच प्रो मिनी बोर्ड घेतलात तर प्रोग्रॅम चढवताना बोर्डची निवड नीट तपासा: ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळगतीसाठी तयार केलेला प्रोग्रॅम १६ च्या बोर्डवर चढवला तर १० चे थेट २० हर्ट्झ होतात. गती आधी १ हर्ट्झ ठेवून, चष्मा टेबलावरच असताना, मिनिटाला ६० चमका होतात का ते मोजून घ्या. दहा मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असावीच, शिवाय सेलच्या तारेत साधा स्विचही हवा, कारण प्रोग्रॅम अडकला तर तोच कामी येतो.

मित्रांना देण्याविषयी माझे उत्तर नाही असे आहे. ज्याला किंवा ज्याच्या घरात कोणाला कधी फिट आली असेल, त्याने तर हा चष्मा लावूच नये. पण ‘आमच्याकडे कोणाला नाही’ हे सांगणेही पुरेसे नाही, कारण मिरगीची गोष्ट आपल्या भागात अजूनही लग्न जमेपर्यंत लपवली जाते. स्वतःवर प्रयोग करायचा असेल तर पुरेशी झोप झालेली असताना, बसून आणि शेजारी कोणी असतानाच करा. हातपाय झटकले जाऊ लागले, मळमळले किंवा विचित्र वाटले तर चष्मा ताबडतोब काढावा. फिट आलीच तर शेजारच्याने चष्मा काढून कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.