बाईंना विचारा : पिठाची खळ

श्रावण लागला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळाभर रंगांबद्दल विचारणाऱ्या बाया आता चिकटवण्याबद्दल विचारतात. पुढे पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्या, भुलाबाई, दिवाळी अशी रांगच लागलेली असते. या वेळची पाच पत्रं निवडली आणि पाचही खळीची निघाली. खळ म्हणजे पीठ, पाणी आणि आंच. आमच्याकडे बरीच माणसं तिला लेई म्हणतात. माझं माहेर पवनीचं, घर कोष्ट्याचं. आजोबा विणण्याआधी सुताला पांजण, म्हणजे खळीचा हात, द्यायचे आणि त्यासाठी आजी खळ शिजवायची. अक्षर गिरवण्याआधी मी ही खळ ढवळली आहे. पुढे वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये शिकवलं, तेव्हा शाळेत पैसा नसायचा आणि पीठ मात्र कुणाच्याही घरून मिळायचं.

बाई, मागच्या दिवाळीत पोरांसाठी घरीच कंदील केला. मैद्याची लेई लावली होती. दुसऱ्याच दिवशी कागद कामट्यांवरून सुटून आला. लेईत गुठळ्याही लय होत्या. काहून झालं असं?
— एक आई, ता. दारव्हा

ताई, तुमची खळ कच्ची राहिली. गुठळ्याही त्यानेच झाल्या आणि कागदही त्यानेच सुटला.

पिठातल्या पिष्टाचे कण थंड पाण्यात नुसते भिजतात, चिकटत नाहीत. पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे तापलं की ते पाणी पिऊन फुगतात, आणि चिकटपणा येतो तो तेव्हा. तुम्ही बहुतेक उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकला असेल. तसं केलं की पिठाच्या गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजते आणि आतलं पीठ कोरडंच कोंडून राहतं.

एक वाटी मैदा घ्या. त्यात एक वाटी थंड पाणी थोडं थोडं घालत बोटांनी कालवा. गुठळी बोटांनाच कळते, चमच्याला नाही. गंजात, म्हणजे पातेल्यात, चार वाट्या पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की आंच कमी करून कालवलेलं पीठ धारेने सोडा, दुसरा हात ढवळतच राहू द्या. आधी ते दुधासारखं पांढरं दिसतं, मग घट्ट होतं. बहुतेक जणी इथेच गंज उतरवतात. उतरवू नका! अजून सात-आठ मिनिटं मंद आंचेवर ढवळा. पांढरेपणा जाऊन साबुदाण्याच्या खिरीसारखी झाक येते, चमच्यावरून खळ तुटक न पडता सलग ओघळते, आणि कच्च्या पिठाचा वास जातो. माझी आजी डोळ्यांनी पाहायचीच नाही, वासावर सांगायची, "झाली वं, उतरव." निवताना वर साय धरते म्हणून ओलं फडकं झाका, आणि निवल्यावर फडक्यातून गाळून घ्या.

आता कामट्यांचं. बांबूची सालीकडची बाजू गुळगुळीत असते, तिथे खळ धरत नाही. कागद लावायचा त्या जागी कामटीला सुती दोरा गुंडाळा किंवा कागदाची पट्टी चिकटवून वाळू द्या, मग पतंगी कागद लावा. खळ कागदाला नाही, कामटीला लावायची, आणि पातळ हाताने. पतंगी कागदावर जाड खळ बसली की तो तिथेच ओला होऊन फाटतो. बाजारात मिळणारा चकचकीत, प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद तर खळीने चिकटतच नाही, कारण त्यात पाणी मुरत नाही. तुमचा कंदील तसल्या कागदाचा असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही.

आमच्या शाळेत मुलं तक्ते, मुखवटे करतात. डिंकाच्या बाटल्या परवडत नाहीत म्हणून खळ वापरतो, पण पावसाळ्यात कसर लागते आणि उंदीर कुरतडतात. बायंडिंग करणारे एक गृहस्थ म्हणाले, खळीत मोरचूद घाला. किती घालावं?
— एक शिक्षक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

सर, अजिबात घालू नका.

बायंडिंगवाले मोरचूद घालत आले आहेत आणि त्याने कीड लागत नाही हे खरं आहे. संत्र्याच्या झाडांना आपल्याकडे बोर्डो मिश्रण देतात ना, त्यातलं निळं ते हेच. ते विष आहे, म्हणूनच ते मुलांच्या हातात देण्यासारखं नाही.

हे मी वाचून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही असाच सल्ला ऐकून खळीत मोरचूद घातलं होतं. रंग छान निळसर झाला होता. दुसरीतला एक मुलगा, घरी ताटातलं बोट चाटावं तसं बोट चाटत बसला. अर्ध्या तासात त्याला उलट्या सुरू झाल्या. पावसाचे दिवस, नाला भरलेला. त्याच्या बापाने त्याला खांद्यावर घेऊन नाला ओलांडला आणि दवाखान्यात नेलं. पोरगा बरा झाला. त्याची माय मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच मला आजवर सलतं. मुलाच्या हाताला लागते ती वस्तू तोंडाला लागणारच, हे दुसरीच्या वर्गावर शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. तुम्ही तरी ती चूक करू नका.

मग करायचं काय? एक तर दोन दिवस पुरेल एवढीच खळ शिजवा. साध्या पाण्याऐवजी कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेलं पाणी घ्या. तुरटीची चिमूटभर पूड घातली तर खळ लवकर आंबत नाही. कसर याने कमी होते, उंदीर मात्र निंबाला जुमानत नाही. उंदरासाठी जागा बदला. खेड्यातल्या बहुतेक शाळांत पोषण आहाराचा तांदूळ ज्या खोलीत, तक्तेही त्याच खोलीत असतात. उंदीर येतो तांदळासाठी आणि जाता जाता तक्ता खातो. तक्ते भिंतीला टेकवू नका, आढ्याला तार बांधून लटकवा.

खळ मुलांसमोर शिजवता का? आंचेपाशी तुम्ही राहा, पण त्यांना पाहू द्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमची वाट निघाली. हाताने काम करता करता शिकायचं, एवढंच त्याचं सार मी धरून होते. पांढरं पाणी डोळ्यांदेखत पारदर्शक होताना चौथीच्या मुलाने पाहिलं की "कसं काय?" हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. तो आला की विज्ञानाचा तास सुरू झाला म्हणून समजा.

मी आठवीत आहे. तान्ह्या पोळ्यासाठी लहान भावाला कागदाच्या लगद्याचा बैल करून दिला. पाठीला भेगा पडल्या आणि पोटावर बुरशी आली. लाकडाचा बैल घ्यायला बाबा नाही म्हणतात. या वर्षी नीट कसा करू? पिवळा रंग हळदीचा दिला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, ता. हिंगणघाट

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भावासाठी बैल करणारी बहीण आणि तोही स्वतःच्या हाताने! असा बैल दारोदार मिरवला तर बोजारा, म्हणजे पोरांना द्यायची खुशी, देणाऱ्याचा हात सैल होईल.

भेगा आणि बुरशी, दोन्हींचं कारण जाडी. तू सगळा बैल लगद्याचा भरीव केला असशील. वरचा थर वाळून आक्रसतो, आत ओलं राहतं, मग वर भेग आणि आत बुरशी. आधी सांगाडा कर. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांचे चार पाय आणि कणा सुतळीने बांध. पोटासाठी कोरडे वर्तमानपत्राचे बोळे दोऱ्याने आवळून लाव. त्यावर लगदा फक्त बोटभर, तोही दोन वेळा, पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा.

लगद्यासाठी कागदाचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस भिजत ठेव, पाणी रोज बदल, मग पाट्यावर वाटून घट्ट पिळून काढ. त्यात खळ घाल, पण ओतू नकोस. कणीक मळताना पाणी घालतो तशी, हाताला अंदाज येईल एवढीच. मूठभर मेथ्या भिजवून वाटून घातल्या तर लगदा लवचिक होतो आणि कमी तडकतो. जुन्या बाया कागदाच्या टोपल्या करत, त्यात मेथ्या याचसाठी घालत. मडकं पालथं घालून त्यावर लगदा थापायच्या. तुझ्या आजीने नक्की पाहिली असेल अशी टोपली.

वाळवणं ही श्रावणातली खरी अडचण. ऊन मिळालं तरी थेट उन्हात ठेवू नकोस. घरात चुलीजवळच्या भिंतीपाशी पाट मांडून त्यावर ठेव आणि दिवसातून दोनदा कूस बदल. पोळ्याच्या दहा दिवस आधी हात घाल, दोन दिवसांत हा बैल होत नाही.

हळदीचा रंग देता येतो, पण एक लक्षात ठेव. बैल पांढरा करायला चुना लावलास आणि त्यावर हळद दिलीस तर ती लाल होईल. हळदीचा पिवळा रंग चुन्याशी भेटला की तांबडा होतो. झूल लाल हवी असेल तर हाच उपाय मुद्दाम कर! पिवळी हवी असेल तर चुन्याऐवजी पांढरी माती पातळ खळीत कालवून तिचा हात दे, आणि त्यावर हळद. आणि हळद उन्हात उडते, म्हणून बैल खिडकीत ठेवू नका.

वडिलांच्या वाचनातली जुनी छापील पोथी आहे. पानं कडांना फाटली, पाठ सुटली. खळीने चिकटवू का?
— एक निवृत्त शेतकरी, ता. दर्यापूर

काकाजी, चिकटवा, पण खळ वेगळी करा. तुरटी, हळद, निंब यातलं काहीही नको. तुरटीतला आंबटपणा कागदाला वर्षांनुवर्षं खात राहतो, कागद ठिसूळ होतो. कंदिलाला ते चालतं, पोथीला नाही.

कणीक मळून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग पाण्यातच चोळा. चिकट गोळा हातात उरेल आणि पाणी दुधाळ होईल. ते पाणी फडक्यातून गाळून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वरचं पाणी ओतून द्या. तळाशी बसलेला गव्हाचा चीक घेऊन त्याची खळ शिजवा. कुरडईसाठी काढतात तसाच चीक, फक्त गहू न भिजवता कणकेतून काढलेला. ग्रंथालयांत जुने कागद दुरुस्त करणारेही गव्हाचं पिष्ट असंच वेगळं काढून वापरतात. त्याचा मोठा गुण हा की पुढे कधी जोड उकलायचा झाला तर थोड्या पाण्याने तो सुटतो. चिकटपट्टी मात्र पोथीला कधीच लावू नका. तिचा डाग जात नाही.

मी घरी मुलींना कागदकाम शिकवते. सासूबाईंना खळ आवडत नाही. "अन्न आहे ते, खायचं सोडून कागदाला लावता?" म्हणतात. मला त्यांचं मन मोडवत नाही आणि काम सोडवतही नाही.
— एक सून, ता. आर्वी

ताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं. पीठ ज्या घरात मोजून निघतं, तिथे ते कागदाला लावताना हात थबकला पाहिजे. माझाही थबकतो. आमच्या घरी आजी खळीसाठी चांगलं पीठ कधी घेत नसे. गिरणीच्या जात्याभोवती पडलेलं, झाडून गोळा केलेलं पीठ गिरणीवाल्याकडून मागून आणायची, चाळायची आणि त्याची खळ करायची. भांड्याला लागलेली खळ गाईच्या पाण्यात जायची. अर्थात पिठात काही विषारी घातलं नसेल तरच हे जमतं.

आणि एक रस्ता असा आहे की पीठ लागतच नाही. उन्हाळ्यात तुमच्या गावात बाया चिंचा फोडतात, तेव्हा चिंचोके ढिगाने पडतात. ते भाजा, गरम असतानाच खलबत्त्यात हलकं कुटून लाल साल काढा. पांढरा गर रात्रभर भिजवा, पाट्यावर मऊ वाटा, आठपट पाण्यात शिजवा आणि गाळा. मैद्याच्या खळीपेक्षा ही जास्त धरते. ओडिशातले पट्टचित्र काढणारे चित्रकार कापडावर याच खळीत खडूची पूड मिसळून थर देतात आणि मग त्यावर रंगवतात. काम जास्त आहे, साल काढताना नखं दुखतात, पण मुलींना ते काम फार आवडतं.

चिंचोके कुटायला सासूबाईंनाच बसवा. आणि त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी भुलाबाईच्या, ज्वारीच्या धांड्यांच्या मखराला कागदाची फुलं कशाने चिकटवायच्या. त्या काय सांगतात ते मला जरूर लिहून कळवा.