जन्मदात्या आईला पहिल्यांदा भेटताना

भेट ठरल्यापासून झोप लागत नाही म्हणतेस. माझंही तसंच झालं होतं, म्हणून सध्या पुरतील एवढ्याच गोष्टी सांगते.

– परस्पर तिच्या दारात जाऊ नकोस. आपण मूल दत्तक दिलं होतं, हे अनेकींनी सासरी कधीच सांगितलेलं नसतं. 2022 च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षांनंतर 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, मूळ शोधाचा (जन्माचे आईवडील शोधण्याचा) अर्ज करता येतो, पण जन्मदात्यांचा खासगीपणा जपूनच.

– "मला का सोडलंस?" हा पहिला प्रश्न नको. मी तो दहाव्या मिनिटाला विचारला. ती गप्प झाली, आणि पुढे सहा महिने तिने फोन उचलला नाही. आधी तिला बोलू दे. ती रडली नाही, तुला जवळ घेतलं नाही, तरी त्याचा अर्थ लगेच लावू नकोस. तीही घाबरलेली असते.

– भेट तासाभराचीच ठेव.

नंतर चार-आठ दिवस रितं रितं वाटेल. आनंद व्हायला हवा होता, मग हे काय, असं वाटेल. बहुतेकांना वाटतं गं. तेव्हा एकटी राहू नकोस.

आणि वाढवलेल्या आईला जाण्याआधी सांग. मी नंतर सांगितलं. भाजी निवडता निवडता तिनं नुसती मान हलवली, ते अजून टोचतं.

भावंडं, डीएनए चाचणी, ते सगळं पुढे बघू.