ताराराणीराजे, येसू की सई?

पत्र: आमच्या मुलीला तीन आठवडे झाले. बारसं सव्वा महिन्यानंतर आहे. सासऱ्यांना नाव हवंय ‘ताराराणीराजे’, यांना ‘येसू’ आणि मला ‘सई’. त्यात भटजींनी पत्रिका मांडून ‘ण’ अक्षर काढलंय. आमचं आडनाव काही राजघराण्यातलं नाही, शेतकरी माणसं आम्ही. असलं नाव ठेवलं तर लोक हसतील, असं माझी आई म्हणते. दवाखान्यातून नावासाठी दोनदा फोन येऊन गेला. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर: आधी त्या फोनचं बघू, कारण घाईत चुका तिथेच होतात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, नावाची नाही. नावाचा रकाना कोरा ठेवूनही नोंद होते. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा दवाखान्याला सांगा, ‘नोंद करा, नाव मागाहून देतो.’ एकदा घातलेलं नाव मात्र सहज बदलत नाही. लेखनिकाची चूक दुरुस्त होते, पण ‘आता दुसरं आवडलं’ ही चूक नव्हे. त्यासाठी पुढे राजपत्राच्या वाटेनं जावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचा शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट हे सगळं जन्मदाखल्यावर उभं आहे. म्हणून तो एक कागद सावकाश भरा.

‘ण’चं कोडं सोपं आहे. हस्त नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. तुमची लेक तिसऱ्या चरणावर आली. ‘ण’वरून मराठीत नाव सुरूच होत नाही, आणि हे भटजींनाही ठाऊक असतं. नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून काढलेलं, वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, ही सोय त्यासाठीच आहे. नामकरणात देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं ठेवायची जुनी रीतच आहे. नक्षत्राचं नाव भटजींना त्यांच्या पद्धतीनं ठरवू द्या, तांदळात लिहू द्या, आत्याला कानात सांगू द्या. दाखल्यावर जातं ते चौथं. हस्ताचंच अक्षर हवं असा कोणी हट्ट धरला तर ‘पू’वरून पूर्वा चालेल. पुतळाबाई राजघराण्यातल्या खऱ्या, पण आज वर्गात ‘पुतळा’ नाव घेऊन बसणाऱ्या पोरीचे हाल विचारू नका.

आता आडनाव. शिवाजी, संभाजी, तानाजी, राजाराम ही नावं सातारा-सांगलीत शेतकरी, सुतार, न्हावी, परीट सगळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि कोणी हसलेलं नाही. नावावर कुठल्या घराण्याची मालकी नसते. हसू येतं ते पदवीला. ‘राणी’, ‘राजे’, ‘छत्रपती’ हे मान आहेत, ते दुसऱ्यांनी द्यायचे असतात. खुद्द ताराबाईंचं नाव ताराबाईच. ‘ताराराणी’ लोकांनी म्हटलं. सासऱ्यांच्या ‘ताराराणीराजे’मध्ये नाव एक आणि मान दोन झाले.

कागदावरही हे जड जातं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्यात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहायचं आहे. म्हणजे चार शब्द झालेच. त्यात ‘राजे’ तोडून लिहिलं की कुठल्या अर्जात ते आईच्या नावाच्या रकान्यात शिरतं, कुठे आडनाव होतं, आणि शाळा, बँक, आधार यांचे सांधे जुळत नाहीत. ठेवायचंच असेल तर जोडून, एका शब्दात. आमचं मत विचाराल तर ठेवूच नका.

तुमच्या तिन्ही नावांची इंग्रजी अक्षरं लिहून बघा, तुमची लेक उद्या तीच टाइप करणार आहे. ‘सई’ हे एस-ए-आय लिहिलं की परगावचा माणूस ‘साई’ वाचतो आणि मुलगा समजतो. एस-ए-ई-ई लिहिलं तर बरं. ‘येसू’ वाय-ई-एस-यू झालं की निम्मे लोक ‘येशू’ म्हणणार. येसूबाई मोठ्या होत्या. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर कैदेत गेल्या त्या १७१९ ला सुटल्या. त्यांच्या नावाला रोज खुलासा जोडावा लागणं बरं दिसत नाही. ‘तारा’ला ही अडचण नाही, दोन अक्षरांत सरळ लिहिली जाते.

आणि साताऱ्यात ताराला मुळंही आहेत. ताराबाई हंबीरराव मोहित्यांच्या लेक, तळबीडच्या, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातल्या. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षं औरंगजेबाविरुद्ध राज्य त्यांनी चालवलं. १७०० मध्येच औरंगजेबानं साताऱ्याचा किल्ला घेऊन त्याला आझमतारा नाव दिलं होतं. तो परत मिळाला आणि अजिंक्यतारा झाला. एखादे आजोबा म्हणतीलच, की ताराबाई शाहू महाराजांशी भांडल्या. भांडल्या. राजघराण्यातलं कुठलंही नाव घ्या, कोणाशी तरी भांडण निघेलच. (जुळ्या असत्या तर तारा आणि राजस ही जोडी तेवढी टाळा म्हटलं असतं, १७१४ मध्ये राजसबाईंनी सवतीला, म्हणजे ताराबाईंना, कैदेत टाकलं होतं.)

सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना, १६५९ मध्ये त्या गेल्या, म्हणून काही घरांत ‘नको, अल्पायुषी’ असं म्हणतात. या कारणानं नाव सोडू नका. नाव अल्पायुषी नसतं. पण हा आक्षेप बारशाच्या दिवशी बायकांत निघण्यापेक्षा आधीच घरात निघालेला बरा.

सासऱ्यांशी ‘सई हवी’ म्हणून वाद घालू नका. नवऱ्याला आधी विश्वासात घ्या आणि दोघांनी मिळून त्यांच्यापुढे दोनच नावं ठेवा: तारा आणि सई. निवड त्यांना करू द्या. ते तारा म्हणतील, हे जवळजवळ ठरलेलंच. तारा तुम्हाला मनापासून चालणार नसेल तर त्या दोन नावांत ताराऐवजी अंबिका ठेवा. शिवाजी महाराजांच्या या लेकीचं नाव आज फार कोणी ठेवत नाही. घरी सासऱ्यांनी ‘राणी’ म्हणून हाक मारावी, त्याला दाखला लागत नाही.

अर्जावर सही आईवडिलांची असते, आजोबांची नाही. हे माहीत असू द्या, बोलून मात्र दाखवू नका. नाव ठरलं की देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं एका कागदावर मोठी लिहून त्या कागदासह नगरपालिकेत जा, आणि छापील दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलायच्या आत अक्षर अन् अक्षर ताडून बघा.