‘डीएनपी केलं नाही तर दार बंद होईल का, मॅडम?’

‘मॅडम, माझं वय 38. डॅलसजवळच्या एका हॉस्पिटलात मेडिकल आयसीयूत रात्रपाळी करते. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. पण सोबतच्या सगळ्या म्हणतात, आता डॉक्टरेटशिवाय काही खरं नाही, नियम बदललाय, मास्टर्सवाल्या मागे पडणार. चार वर्षं शिकायचं म्हटलं तर घर, मुलं, हप्ते सगळंच आडवं येतं. आणि आत्ता घेतलं नाही तर दार कायमचं बंद होईल का?’

अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी सिस्टर्सकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन रुग्णाला स्वतः तपासणारी, निदान करणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स; डीएनपी ही नर्सिंगमधली डॉक्टरेट. शब्द वेगळे असतात, भीती तीच. म्हणून या सिस्टरांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, आमच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग इथे मांडते आहे.

पहिल्या भेटीत मी त्यांना एवढंच विचारलं, की नियम बदलला असं नेमकं कुणी सांगितलं? उत्तर आलं : एका कॉलेजच्या प्रवेश विभागातून फोन आला होता, आणि नर्सेसच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही तेच फिरत होतं. भीतीला असा आधार मिळाला की ती खरी वाटू लागते. त्यामुळे धीर देण्याआधी मी वस्तुस्थिती समोर ठेवली.

अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग या संस्थेने 2004 मध्ये भूमिका घेतली, की प्रगत परिचर्येत, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरसारख्या भूमिकांत, येणाऱ्यांचं शिक्षण 2015 पर्यंत मास्टर्सवरून डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी या पातळीवर न्यावं. 2015 आलं आणि गेलं. मग नर्स प्रॅक्टिशनर घडवणाऱ्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये 2025 हे साल धरलं. तेही गेलं. या दोन्ही शिफारशी होत्या. परवाना देतं ते राज्याचं नर्सिंग बोर्ड, आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या परवान्यासाठी व राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेसाठी मास्टर्स आजही चालतं. शिफारशीमागे विचार नव्हता असं मी म्हणणार नाही, आणि काही कॉलेजांनी मास्टर्सचा मार्ग खरोखरच बंद केला आहे. पण कॉलेजने आपला एक अभ्यासक्रम बंद करणं वेगळं आणि व्यवसायाचं दार बंद होणं वेगळं.

एका शाखेत मात्र डॉक्टरेट सक्तीची झाली आहे : भूल देणाऱ्या नर्सची, म्हणजे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टची. 1 जानेवारी 2022 पासून त्या शिक्षणात प्रवेश घेणारा प्रत्येक जण डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात जातो. किमान 36 महिन्यांचं शिक्षण, त्याआधी क्रिटिकल केअरमध्ये किमान वर्षभर काम, आणि शिकताना नोकरी जवळजवळ अशक्य. गटावर फिरणारी बातमी बहुधा इथूनच निघाली असावी. शाखेचं नाव वाटेत गळून पडलं.

‘मला भूल नाही द्यायची,’ त्या लगेच म्हणाल्या. मग काय करायचंय? इथे त्या थांबल्या. ‘एफएनपी करीन, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. सगळ्या तेच करतात. कुठेही नोकरी मिळते म्हणतात.’

माझं लक्ष खरं तर इथे लागलं. पदवीच्या पातळीची काळजी त्यांनी कित्येक महिने केली होती, पण कोणत्या रुग्णांसाठी शिकायचं हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला होता. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींचं असंच होतं, आणि माझ्या मते हा क्रम उलटा आहे. डीएनपी झालेली आणि मास्टर्स झालेली नर्स प्रॅक्टिशनर एकाच परवान्यावर, त्याच अधिकारांत काम करते. टेक्सासमध्ये दोघींनाही औषधं लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. शेजारच्या न्यू मेक्सिकोत दोघींनाही लागत नाही. पदवीने त्यात फरक पडत नाही. स्पेशलायझेशनने मात्र रोजचं काम, परीक्षा, परवान्यावरची नोंद, सगळंच ठरतं.

2008 मध्ये अमेरिकेत प्रगत परिचर्येसाठी एक सामायिक आराखडा ठरला. त्यात चार भूमिका आहेत : नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट आणि नर्स मिडवाइफ. आणि सहा रुग्णगट : कुटुंब, प्रौढ व वृद्ध, नवजात, बालक, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य. यातल्या प्रौढ-वृद्ध आणि बालक या दोन गटांत प्राथमिक उपचार आणि तीव्र उपचार अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. एफएनपी ही प्राथमिक उपचारांची वाट. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे रुग्ण तिच्याकडे येतात, पण क्लिनिकमध्ये : लसी, मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, नियमित तपासण्या. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण त्या शिक्षणात नाही.

मी त्यांना विचारलं, गेल्या महिन्यातली कोणती रात्र अजून डोक्यात आहे? त्यांनी सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने जीव धोक्यात आलेल्या, एका रुग्णाबद्दल सांगितलं. रक्तदाब घसरायला लागला तेव्हा मॉनिटरच्या आधी त्यांना ते रुग्णाच्या त्वचेवरून आणि श्वासावरून कळलं होतं. अचानक बिघडलेल्या रुग्णाकडे धावून येणारी रॅपिड रिस्पॉन्स टीम आली, त्यातल्या नर्स प्रॅक्टिशनरने झरझर निर्णय घेतले. ‘मला तिच्या जागी उभं राहायचंय,’ त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांचा आवाज दबलेला होता, या वाक्याला तो मोकळा झाला.

ती टीममधली नर्स प्रॅक्टिशनर एफएनपी होती का? त्यांना माहीत नव्हतं. विचारून या म्हटलं. पुढच्या भेटीला उत्तर तयार होतं : प्रौढ-वृद्ध तीव्र उपचार, म्हणजे एजीएसीएनपी. हॉस्पिटलने एफएनपी झालेल्यांना आयसीयूच्या जागांसाठी घेणं थांबवलं होतं, कारण त्यांचं शिक्षण आणि परवाना त्या कामासाठी नाही. आयसीयूत वर्षानुवर्षं काढलेल्या सिस्टर्स एफएनपी करतात, आणि हातात पदवी आल्यावर समजतं की आपल्याच युनिटमध्ये आपल्याला जागा नाही. मग वरून आणखी एक प्रमाणपत्र, आणखी क्लिनिकलचे तास, आणखी फी. हे ऐकताना त्या गप्प झाल्या. फॉर्म भरून तयार होता, तोही एफएनपीचाच.

तिसऱ्या भेटीत त्यांचे यजमान सोबत बसले. त्यांनी हिशेब मांडला होता आणि त्यांचा मुद्दा साधा होता : एवढे कष्ट घ्यायचेच आहेत तर वरची पदवीच घ्यावी. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘बाबांना मला डॉक्टर करायचं होतं. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी. नर्सिंग. नावापुढे डॉक्टर लागलं तर त्यांना साताऱ्यात सांगता येईल.’

मी हे कारण हलकं मानत नाही. नर्सिंगला ‘नाही तर मग हे’ असं समजणाऱ्या घरांतून आलेल्या कितीतरी मुली हे ओझं घेऊन परदेशात गेल्या आहेत. ते बोलून दाखवायलाच पुष्कळ धैर्य लागतं. मी त्यांना म्हटलं, हे खरं कारण आहे, फक्त ते स्पेशलायझेशनच्या प्रश्नात मिसळू नका. काही राज्यांत नर्सने रुग्णांसमोर ‘डॉक्टर’ हे बिरुद लावण्यावर कायद्याची बंधनंही आहेत, तेव्हा केवळ त्यासाठी ही पदवी घेणारी व्यक्ती निराश होऊ शकते. आणि मी त्यांना या पेशाच्या सुरुवातीची गोष्ट सांगितली. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनर कार्यक्रम सुरू केला, कारण मुलांपर्यंत वैद्यकीय सेवा पोहोचत नव्हती. तो डॉक्टरेटचा अभ्यासक्रम नव्हता. नर्स स्वतः तपासू शकते, ठरवू शकते, ही त्यातली मोठी गोष्ट होती. त्या सेप्सिसच्या रात्री तुम्ही जे ओळखलंत, ते याच परंपरेतलं आहे.

डीएनपी निरुपयोगी आहे असं कुणी यातून घेऊ नये. ही पदवी पीएचडीहून वेगळी आहे. पीएचडी नवं संशोधन उभं करायला शिकवते. डीएनपी सिद्ध झालेलं ज्ञान वॉर्डात उतरवायला शिकवते. कॅथेटरमुळे होणारे जंतुसंसर्ग कमी करणं, आयसीयूतल्या वृद्धांमधला बुद्धिभ्रम लवकर ओळखण्याची पद्धत युनिटभर बसवणं, असे प्रकल्प त्यात करावे लागतात. ज्यांना पुढे विभाग चालवायचा आहे, धोरण ठरवणाऱ्यांत बसायचं आहे किंवा विद्यार्थी घडवायचे आहेत, त्यांना मी ती आवर्जून सुचवते. पण मास्टर्सनंतर काम करता करताही ती घेता येते, आणि प्रकल्प स्वतःच्या अनुभवातून आलेला असला तर तो जास्त कसदार होतो असं मला वाटतं.

खर्चाचं आम्ही थोडक्यात बोललो. त्यांचं हॉस्पिटल फीचा काही भाग देतं. मालकाकडून शिक्षणासाठी मिळणाऱ्या वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतच्या रकमेवर केंद्रीय आयकर लागत नाही. मात्र मदत घेतली की तिथे काही काळ टिकण्याची अट येते, ती सही करण्याआधी वाचायची.

प्रिसेप्टरच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या, प्रश्नावर मात्र मी अडून बसले. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात रुग्णांसोबतचे किमान 750 तास असावेत असं 2022 च्या राष्ट्रीय मानकांत आहे. हे तास प्रिसेप्टरच्या हाताखाली करायचे असतात, आणि कितीतरी कॉलेजं ती व्यक्ती शोधण्याचं काम विद्यार्थिनीवरच टाकतात. स्थानिक ओळखी कमी असलेल्या आपल्या सिस्टर्सची इथेच दमछाक होते. प्रिसेप्टर न मिळाल्याने सेमिस्टर वाया गेलेल्या मुली माझ्याकडे रडत आल्या आहेत. म्हणून कॉलेजला लेखी विचारायचं : प्रिसेप्टर कोण शोधणार? नाही मिळाला तर फीचं काय? टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना प्रवेश देण्याची आणि तिथे क्लिनिकल करून घेण्याची तुम्हाला परवानगी आहे का? अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का? पहिल्याच प्रयत्नात प्रमाणन परीक्षा किती जण पास होतात? गोलमाल उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे.

जाता जाता जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांसाठी : या वाटेवर आधी बी.एस्सी.च्या तोडीची पदवी लागते, तेव्हा सुरुवात आरएन-टू-बीएसएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सला पदवीपर्यंत नेणाऱ्या अभ्यासक्रमापासून. या सिस्टरांची बी.एस्सी. महाराष्ट्रातली असल्यामुळे त्यांना फक्त गुणपत्रकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागलं.

शेवटी त्यांनी परतण्याबद्दल विचारलं. आईवडील थकले तर साताऱ्याला यावं लागेल, मग तिथे या पदवीचं काय? मी स्पष्ट सांगितलं : अमेरिकेतली डीएनपी किंवा नर्स प्रॅक्टिशनरची पात्रता दाखवून इथे भारतात औषधं लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे, तो दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर कार्यक्रम आहे. इथल्या कॉलेजांत वरच्या पदावर शिकवायचं असेल तर पीएचडीला वजन आहे, आणि ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून करता येते. परतणं पक्कं असेल तर आत्ताचा सगळा बेतच वेगळा करावा लागेल.

दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं, की पुढची काही वर्षं टेक्सासच. सिस्टरांनी एफएनपीचा फॉर्म मागे घेतला आणि तीव्र उपचारांच्या मास्टर्ससाठी, अर्धवेळ, दोन कॉलेजांकडे अर्ज केला. दोन्हींकडे प्रिसेप्टरचे प्रश्न लेखी गेले. एकाने उत्तरात करार झालेल्या हॉस्पिटलांची यादी पाठवली, दुसऱ्याने ‘आमचे विद्यार्थी सहसा स्वतः शोधतात’ असं कळवलं. त्यांनी पहिल्याची फी भरली.